काळी चार

एप्रिल लागला की माझे तळहात गार पडतात. बाहेर ऊन असं की दुपारी बारा वाजता विद्यापीठाच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, डांबर चपलेला चिकटतं, आणि मी मात्र ओढणीत हात गुंडाळून बसलेली. शेवटच्या सत्रात होस्टेलच्या मुली हसायच्या, म्हणायच्या, करुणाला उन्हाळ्यात थंडी वाजते. थंडी नाही ती, भीती आहे. कडुनिंबाला मोहोर आला की तीही येते, आणि पाऊस पडेपर्यंत मुक्काम हलवत नाही.

परवा औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीतून अण्णांची पेटी दुरुस्त करून आणली. भात्याला भोक पडलं होतं आणि आत कसर लागली होती. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं एकेक सूर दाबून दाखवला, कान पेटीला लावून ऐकला, मग म्हणाला, "बाकी सब ठीक है बेटी. ये काली चार का सूर बैठ गया था. कोई बजाता नहीं क्या इसको?" मी नुसती मान हलवली. येताना रिक्षात पेटी मांडीवर होती आणि पेटीवर झेरॉक्सच्या दुकानातून काढलेलं सेट परीक्षेचं हॉल तिकीट. ही परीक्षा पास झाले तर कॉलेजात शिकवता येईल. पेटी आणि हॉल तिकीट असं एकाच रिक्षातून निघालं, तेव्हाच माझ्या बोटांतली ऊब गेली.

इतरांच्या एप्रिलला आंब्याचा वास असतो. माझ्या एप्रिलला कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आहे, जीपच्या तापलेल्या रेक्झिनचा आहे, आणि फॉर्मॅलिनचा. निळे झेंडे आहेत, पताका आहेत, आणि मांडवाच्या खांबाला बांधलेली ट्यूबलाइट आहे, जिच्यावर किडे आपटत राहतात.

आमच्याकडं जयंती एका दिवसात उरकत नाही. शहरात चौदा तारखेला मिरवणूक निघते, क्रांती चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही, पण खेड्यांचं तसं नाही. खेड्यात प्रत्येक गाव आपली वेगळी तारीख धरतं. सगळ्यांनी एकच दिवस धरला तर गाणारे पुरतील कसे? म्हणून करमाडची आज, तर पिशोरची वीस दिवसांनी, आणखी कुणाची मे संपता संपता. गावची चार माणसं येतात, चहा घेतात आणि तारीख मागतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्षभर गवंडीकाम करायचे आणि हे दोन महिने गायचे. देवगाव रंगारीची त्यांची गायन पार्टी कन्नड तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. तारखांची वही माझ्याकडं असायची, कारण घरात माझंच अक्षर चांगलं. आणि दहावीपासून पेटीवरही मीच.

त्या काळात अण्णांचा एक नियम होता. वही उघडली की आधी माझ्या परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवायचं आणि पेपरच्या आदल्या दिवसावर फुली मारायची. गावची माणसं कितीही विनवू देत. "त्या दिशी नाय जमायचं," अण्णा म्हणायचे, "पोरीचा पेपर हाय." हे सांगताना त्यांचा आवाज गाण्यात चढतो तसा थोडा चढायचा. घरात एम.एस्सी.ला पोचलेली मी पहिली होते, आणि ही गोष्ट चार गावांना कळायला तारखा देण्याइतकी दुसरी चांगली वेळ नव्हती.

ज्या एप्रिलबद्दल सांगते आहे तो चार वर्षांपूर्वीचा. प्राणिशास्त्राचं माझं शेवटचं सत्र होतं. सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा धरायची, दुपारी तीनला बसस्थानकावर नाही तर एखाद्या फाट्यावर पार्टीची जीप गाठायची, दिवेलागणीला कुठल्या तरी गावात मांडवात बसायचं. दहाला भोंगा बंद करावाच लागतो, त्यामुळे कार्यक्रम आटोपशीर असायचा. जीपमध्ये मधल्या सीटवर मी, मांडीवर ऊतिशास्त्राच्या नोट्स, पायाशी पेटी. पुढच्या सीटवर अण्णा. मागं ढोलक पोटाशी धरून रशीद मामू आणि टाळ्यांची साथ करणारे दोघं. रशीद मामूंचं आणि अण्णांचं वीस वर्षांचं साथसोबतीचं नातं. मामू शहरातले, बोलणं सगळं दखनी, पण अण्णांच्या प्रत्येक गाण्याचा शब्दन्‌शब्द पाठ.

मी घाबरट आहे, हे इथंच सांगून टाकते. लहानपणी आडात डोकावायला घाबरायची, मोठी झाल्यावर निकालाला. त्या वर्षी सगळ्यात मोठी भीती प्रॅक्टिकलची होती. त्यात स्पॉटिंग असतं. टेबलावर ओळीनं सूक्ष्मदर्शक मांडलेले असतात, प्रत्येकाखाली एक स्लाइड. घंटी वाजली की डोळा लावायचा, काय आहे ते ओळखून लिहायचं, परत घंटी वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं. मागं वळून बघता येत नाही. ती घंटी मला जीपमध्येसुद्धा ऐकू यायची.

आता पट्टीचं सांगायला हवं. गाणारा ज्या सुराला सा मानून गातो ती त्याची पट्टी. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात, त्यांना नंबर असतात, आणि सा जितका वरचा, तितकं गाणं उंच. अण्णांची पट्टी काळी चार. पुरुषाला ती उंच पडते. म्हणून तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते माइक हातात घेऊन माझ्याकडं न बघताच मागं हात करायचे आणि भर मांडवात म्हणायचे, "करुणा, काळी चार दे!" मी सूर द्यायची, मामू ढोलकवर थाप द्यायचे, आणि अण्णा पहिलीच ओळ अशी वर न्यायचे की मागं ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं सरसावून बसायची. काळी चार म्हणजे अण्णांची मिशी होती म्हणा ना. पीळ द्यायचे तिला.

करमाडला पहिल्यांदा ते झालं. दुसरंच गाणं होतं. अंतऱ्यात एक जागा आहे, तिथं आवाज वर जाऊन थोडा वेळ थांबतो. अण्णा वर गेले आणि थांबता थांबता आवाज फाटला. फार नाही, कापड टराटरा फाटावं तसं नाही. कडेचा एक धागा सुटावा तेवढंच. अण्णांनी खोकल्याचं निमित्त केलं, माइक बाजूला धरला, हसून म्हणाले, "धूळ लई हाय करमाडला." लोकही हसले. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी तो सूर दाबून बसले होते आणि अण्णा त्याच्यापाशी पोचले नव्हते. माझे तळहात पहिल्यांदा गार पडले ते तिथं, पेटीवर.

पुढच्या चार दिवसांत ते घरी खाकरत राहिले. आई हळद-दूध द्यायची, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्यायची, आणि तंबाखूची पुडी लपवून ठेवायची. अण्णा ती बरोबर शोधून काढायचे. मी म्हणाले, "अण्णा, दवाखान्यात दाखवू या का?" ते चुन्याची डबी उघडता उघडता म्हणाले, "तुझे पेपर होऊ दे आधी. मंग जाऊ निवांत."

इथं मला खरं सांगायचं आहे. तेव्हा मला बरं वाटलं होतं. दवाखाना पुढं गेला म्हणून सुटल्यासारखं झालं होतं. पेपर झाल्यावर, हा आमच्या घरातला दोन महिन्यांचा मंत्रच होता. मामाच्या पोरीचं लग्न पेपर झाल्यावर, घराचे पत्रे बदलणं पेपर झाल्यावर. त्यात अण्णांचा घसाही गेला, आणि मी तो जाऊ दिला.

आणि मग मी ते केलं, जे पेटीवर बसणाऱ्यालाच सुचू शकतं. पुढच्या गावी अण्णांनी मागं हात केला, म्हणाले, "करुणा, काळी चार दे!" आणि मी पांढरी पाच दिली. अर्धा सूर खाली. कपडे वाळत घालायची दोरी कुणी वीतभर खाली बांधली तर हात सहज पोचतो, आपल्याला वाटतं आज बरं पोचतंय. अण्णांचं तसंच झालं. ते अंतऱ्यात वर गेले, त्या जागी थांबले, आणि आवाज टिकला. गाणं संपल्यावर त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि भुवया उडवल्या. मीही हसले.

मामूंना मात्र फसवणं शक्य नव्हतं. ढोलक पट्टीला लावलेला असतो, पेटी उतरली की ढोलक बेसूर वाजतो. पहिल्याच गाण्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली मान घालून ढोलकच्या कड्या सरकवल्या आणि सूर जुळवून घेतला. कार्यक्रम संपल्यावर जीपमागं त्यांनी मला गाठलं.

"बेटा, पट्टी उतारी ना तू?"

"मामू, त्यांचा आवाज पोचत नाही वर."

"तो उनकू बोल ना."

"नाही बोलवत. तुम्ही बोला."

मामू ढोलकवरचं कापड नीट करत बसले. मग म्हणाले, "बीस साल में मैं उनके सामने झूठा ठेका नै बजाया. अब तू मेरे कू भी घसीट री." मी रडायला लागले. तेव्हा म्हणाले, "रो मत. पर्चे होने दे तेरे. फिर मैं खुद लेके जाऊंगा उनकू." म्हणजे मामूंनीही तेच म्हटलं. तेही घाबरले होते, हे मला त्या वेळी कळलं नाही.

त्यानंतर वहीत गावाच्या नावापुढं मी बारीक अक्षरात पट्टी लिहायला लागले. प्रॅक्टिकलच्या जर्नलात निरीक्षण लिहायची सवय होती, हात आपोआप लिहायचा. शिवाय पुढच्या गावी कुठून सुरू करायचं ते लक्षात राहायला हवं होतं. फुलंब्री, पांढरी पाच. गदाना, काळी तीन. पुन्हा एका गावी काळी तीन, आणि मी देवाला न मानणाऱ्या घरातली पोर, त्या दिवशी मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानत जीपमध्ये बसले, की आज उतरली नाही.

सकाळी ग्रंथालयात तेच पुस्तक पुढं असायचं. घशाच्या आतल्या अस्तराच्या थरांची नावं मला पाठ होती. आवाजाच्या तंतूंवर कुठल्या पेशी असतात, तंबाखूनं त्या कशा बदलतात, बदललेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते, हे सगळं आकृतीसकट काढून दाखवता आलं असतं. त्या पानाशी आले की मी पान उलटायची. एकदा तर पुस्तक मिटून विद्यापीठामागच्या डोंगराकडं चालायला लागले. लेण्यांच्या पायऱ्यांवर भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. दगड इतका तापला होता की बसवेना. वरून सगळं विद्यापीठ दिसत होतं, सुकलेलं गवत, आमच्या विभागाचं छप्पर, आणि लांब शहर धुरकट. मी स्वतःला सांगत होते की उन्हाळ्यात सगळ्यांचाच घसा बसतो. मोठ्यानं सांगत होते. ऐकायला कुणी नव्हतं, तरी माझ्यावर माझाच विश्वास बसला नाही.

आणि पिशोर. पिशोरचा कार्यक्रम अण्णांच्या आयुष्यातला चांगल्यातला एक. माणसं मांडवात मावेनात, भिंतींवर बसली होती, बायकांची बाजू तर रस्त्यापर्यंत गेली होती. अण्णांनी मागं हात केला, "काळी चार दे!" मी पांढरी चार दिली. खूप खाली. मामूंनी कड्या सरकवल्या, माझ्याकडं न बघता. अण्णा असे गायले की एका ओळीवर लोकांनी त्यांना चार वेळा थांबवलं, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. एक म्हातारा काठी टेकत आला आणि त्यानं स्वतःच्या गळ्यातला हार काढून अण्णांच्या गळ्यात घातला. परतीच्या वाटेवर अण्णा झोपलेच नाहीत. घोगऱ्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बघितलं का मामू? पन्नाशी आली, पर काळी चार हालली नाय आपली." मामू म्हणाले, "हौ अण्णा." मी खिडकीबाहेर बघत होते. दोन दिवसांवर पेपर होता, आणि भीती नेमकी त्याची की काळी चारची, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पेपर झाले. प्रॅक्टिकलला घंटी वाजत राहिली, मी सरकत राहिले. सहाव्या की सातव्या टेबलावर अन्ननलिकेचा काप होता. ओळखायला सोपा, वर्गात सगळ्यांनी शंभरदा बघितलेला. डोळा लावला आणि एकदम वाटलं, याच्या पुढ्यात, दोन बोटांवर, तो भाग आहे जिथं बघायचं मी टाळते आहे. मी उत्तर लिहिलं. बरोबर लिहिलं, त्याचे मार्कही मिळाले. घंटी वाजली तरी मला हलता येईना, मागच्या मुलीनं पाठीला हात लावला तेव्हा पुढं सरकले. त्याच संध्याकाळी मामूंना फोन केला आणि म्हणाले, उद्याच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अण्णांच्या नाकातून बारीक नळी घातली, तिला कॅमेरा होता, बाजूच्या पडद्यावर आतलं दिसत होतं. मी पडद्याकडं बघत होते. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते. एका तंतूच्या कडेला पांढरट, खरबरीत डाग होता. पुस्तकात होता तसाच. मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण अण्णांनी तो वाचलाच असणार.

"आवाज कधीपासून बसलाय?" बाईंनी विचारलं.

"झाले असतील आठ-पंधरा दिस," अण्णा म्हणाले. "गाण्याचा सीझन हाय ना आमचा."

मी पिशवीतून वही काढली. करमाडचं पान उघडलं. म्हणाले, "मॅडम, करमाडपासून. दीड महिना झाला." आणि गावागणिक वाचून दाखवलं, तारीख, गाव, पट्टी. बाईंना पेटीतलं काही कळत नव्हतं. मी समजावलं, की हा सूर या सुरापेक्षा इतका खाली. त्या कागदावर उतरवून घेत गेल्या. म्हणाल्या, "इतकी नेमकी माहिती मला कुणी आणून देत नाही." मला त्या वेळी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटत होतं, कारण शेजारी अण्णा ऐकत होते.

त्यांनी हात पुढं केला. मी वही दिली. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले, ओळीखाली बोट धरून हळू वाचतात. बोट करमाडवरून सरकलं, फुलंब्रीवरून सरकलं, आणि पिशोरवर थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं.

"पिशोरला बी?" ते म्हणाले. "पिशोरला तर मी काळी चारलाच गायलो व्हतो ना?"

मला हो म्हणता आलं असतं. दीड महिना तेच म्हणत होते.

"नाय अण्णा. पिशोरला पांढरी चार दिली होती."

त्यांनी वही मिटली, दोन्ही हातांनी मला परत दिली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "पोरगी म्हणती ते खरं असंल. शिकलेली हाय ती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. माणूस भर बाजारात हरवल्यावर बोलतो तसं ते बोलले.

तपासणीचा अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की आई रोज सकाळी अंगण दोनदा झाडायची. अहवाल आला, आम्हाला भीती होती तोच आला. एका बाजूचा तंतू काढावा लागला, पुढं रेडिएशन झालं. अण्णा वाचले. बाई म्हणाल्या, तुम्ही महिनाभर आधी आला असता तर कदाचित कापाकापी लागली नसती. त्यांनी सहज म्हटलं, त्यांना काय माहीत. महिनाभर आधी म्हणजे कुठलं गाव, कुठली पट्टी, ते माझ्या वहीत होतं.

ऑपरेशननंतर बोलायला मनाई होती. अण्णांच्या उशाशी पाटी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, मामूला माहीत व्हतं? मी हो अशी मान हलवली. त्यांनी पाटी पुसली आणि भिंतीकडं तोंड केलं. अण्णा माझ्यावर रागावले. खूप रागावले, महिनाभर माझ्याकडं पाटी केली नाही, काही हवं असलं तर आईला दाखवायचे. मामू आले, पलंगाच्या पायथ्याशी बसून रडले, "अण्णा, मेरे कू माफ करो." तेव्हा त्यांनी मामूंचा हात धरला. माझा धरला नाही. माझा निकाल लागला, प्रथम श्रेणी आली, आणि ते सांगायला मी गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाटी माझ्याकडं वळवली. लिहिलं होतं, अण्णाचा आवाज म्हंजी तुझा पेपर नव्हता. मला न इचारता तू सोडवला.

मी ती पाटी पुसली नाही. आईनं पुसली, कितीतरी दिवसांनी.

आता अण्णा बोलतात. आवाज जाड कागद घासल्यासारखा, पण बोलतात. सूर धरून थोडं गुणगुणायची मुभा आहे, व्यायाम म्हणून. दर रविवारी संध्याकाळी ते अंगणात खुर्चीवर बसतात, डोळे मिटून एक सूर लावतात, सहज लागेल तो. मी पेटीवर तो शोधते. मग ते विचारतात, "कितीय?" मी सांगते, आणि त्याच जुन्या वहीत लिहिते, तारखेपुढं. ही पद्धत त्यांनीच सुरू केली. सांगितलं, जो सूर आसंल तोच सांगायचा, कमी नाय आन जास्त नाय. दीड वर्ष पांढरी तीन आहे. जिथं एके काळी काळी चार होती तिथून किती खाली, पण हलत नाही. दर रविवारी मी ती लिहिते आणि आठवडा ढकलते. पेटी औरंगपुऱ्यात दुरुस्तीला होती म्हणून गेले दोन रविवार तेवढे सुटले.

काल रविवारी संध्याकाळी पेटी परत आल्यावर पहिल्यांदा उघडली. गावात जयंतीची तयारी चालली होती, समोरच्या घरावर पोरं पताका बांधत होती. अण्णांनी डोळे मिटले, सूर लावला. मी पांढरी तीन दाबली. जुळली नाही. पेटी आत्ताच दुरुस्त झाली आहे, कुठं तरी चुकत असेल, असं म्हणून पुन्हा दाबली. मग तिच्या खालची, काळी दोन दाबली. तिथं अण्णा होते.

"कितीय?" त्यांनी विचारलं.

समोरची पोरं हसत होती. आई दोरीवरचे कपडे काढत होती. येत्या रविवारी माझी परीक्षा आहे, आणि अण्णांची पुढची तपासणी त्यानंतरच्या आठवड्यात ठरलेली आहे. खोटं बोलायला सगळं कसं सोयीचं मांडून ठेवलं होतं. अर्धा सूर, तोही दुरुस्त होऊन आलेल्या पेटीचा. थकवा असेल, ऊन असेल. माझे हात इतके गार पडले होते की पट्टी बोटाला लागत नव्हती.

"काळी दोन," मी म्हणाले.

अण्णांनी डोळे उघडले. थोडा वेळ पताकांकडं बघत बसले. "उतरली," ते म्हणाले.

"व्हय. उद्या दवाखान्यात जायचं."

"तुझा पेपर हाय ना रईवारी. तो होऊ दे, मंग—"

"नाय अण्णा. उद्या."

आईच्या हातातली चादर तशीच राहिली. अण्णा उठून आत गेले, आणि थोड्या वेळानं बघते तर त्यांनी स्वतःची फाइल काढून माझ्या हॉल तिकिटाच्या पिशवीत ठेवली होती.

आज सकाळच्या सहाच्या गाडीनं शहरात आलो. अण्णा खिडकीशी, गळ्याभोवती रुमाल. कसाबखेडा फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा म्हणाले, "वहीत लिहिलं का कालचं?"

"लिहिलं."

"खरं लिहिलं?"

"खरं लिहिलं."

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "हात लई गार हायेत तुझे," ते म्हणाले.

"मला भीती वाटते अण्णा." इतक्या वर्षांत हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"मला बी," अण्णा म्हणाले. "करमाडपास्नं वाटती."

हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, त्याच वहीच्या मागच्या पानांवर. अण्णा शेजारी आहेत. आमचा नंबर सतरा आहे, आत्ता बारावा आत गेला.